घरच्या पीसीची डिस्क एन्क्रिप्ट करताय? या चुका टाळा

डिस्क एन्क्रिप्ट करावी (म्हणजे किल्लीशिवाय कुणाला वाचता येणार नाही अशी कुलूपबंद करावी) की नको, यावर डोकं खाजवण्याआधी ती आधीच झालेली नाही ना, ते बघा. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून (२०२४) नवीन इन्स्टॉल करून मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं, की योग्य मशीनवर 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' (विंडोजच्या बिटलॉकर या एन्क्रिप्शनचंच सोपं रूप) आपोआप चालू होतं. होम आवृत्तीवरसुद्धा. अनेकांना हे कळतं ते थेट निळ्या स्क्रीनवर ४८ आकडी रिकव्हरी की, म्हणजे डिस्क उघडायची राखीव किल्ली, मागितली जाते तेव्हा.

तपासायला दोन मिनिटं पुरतात. कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि 'मॅनेज-बीडीई -स्टेटस' (manage-bde -status) ही कमांड इंग्रजी अक्षरांत द्या. जागा फक्त 'बीडीई'नंतर सोडायची. उत्तरात दोन ओळी महत्त्वाच्या: किती टक्के एन्क्रिप्ट झालं आणि प्रोटेक्शन ऑन की ऑफ. १०० टक्के आणि तरी प्रोटेक्शन ऑफ असं दिसलं, तर कुलूप लावलंय पण किल्ली त्यालाच अडकवून ठेवलीय. लोकल खात्यावर चालणाऱ्या मशीनवर हे नेहमी दिसतं.

आता निर्णय. लॅपटॉप असेल तर करा, विचार नको. डेस्कटॉपला चोरापेक्षा दुरुस्तीचा प्रश्न मोठा. सोलापूरच्या नवी पेठेतल्या दुकानात पीसी टाकताना डिस्क काढून देतो कोण? आणि एसएसडी वॉरंटीत बदलून घेताना जुनी परत मिळत नाही. ती बंद पडलेली असल्यामुळे आधी पुसताही येत नाही. घरून जीएसटीची कामं करत असाल किंवा अक्कलकोट रोडच्या कारखान्याची जकार्ड (कापडावर विणायच्या नक्षीची) डिझाइनं त्याच पीसीवर असतील, तर एन्क्रिप्शन हवंच. फक्त लग्नाचे फोटो आहेत आणि त्यांची दुसरी कॉपी कुठेच नाही, तर आधी बॅकअपसाठी बाहेरची हार्डडिस्क घ्या. मदरबोर्ड गेल्यावर साधी डिस्क दुसऱ्या मशीनला जोडून फोटो काढता येतात. एन्क्रिप्ट केलेली असेल आणि की हरवलेली असेल, तर डेटा रिकव्हरीवाल्यालाही काही करता येत नाही.

लॉगिन पासवर्ड आहे म्हणून निश्चिंत राहू नका. डिस्क दुसऱ्या पीसीला लावली की तो पासवर्ड कुणी विचारत नाही. उलट, एन्क्रिप्शन आहे म्हणून रॅन्समवेअर (फायली अडकवून खंडणी मागणारा व्हायरस) येणार नाही, हेही खोटं. मशीन चालू असताना फायली तुम्हाला दिसतात तशा व्हायरसलाही दिसतात.

सगळ्यात महागात पडते ती रिकव्हरी कीची हेळसांड. नवीन पीसी सेट करताना दुकानातला पोरगा वेळ वाचवायला स्वतःचा ईमेल टाकून देतो. मग की जाते त्याच्या खात्यात! पीसी घरी आल्यावर सेटिंग्जमध्ये कोणतं खातं आहे ते बघा. आपलं नसेल तर एन्क्रिप्शन बंद करा, डिस्कवरचं एन्क्रिप्शन पूर्ण निघू द्या, आपल्या खात्याने लॉगिन करा आणि पुन्हा चालू करा. दुसरी गंमत म्हणजे 'प्रिंट टू पीडीएफ' करून की त्याच पीसीवर ठेवणं. कपाटाची किल्ली कपाटातच. कागदावर छापा, एक प्रत घरात आणि एक दुसऱ्या घरी ठेवा. कीसोबत तिच्या आयडीची पहिली ८ अक्षरंही लिहा, कारण निळ्या स्क्रीनवर आयडी दिसतो आणि दोन-तीन की असतील तर नेमकी कोणती, हे त्यावरूनच कळतं.

की अचानक मागितली तर लगेच फॉरमॅटकडे धावू नका. बऱ्याचदा बायोसची (विंडोजच्या आधी मशीन सुरू करणाऱ्या प्रोग्रामची) मदरबोर्डवरची बॅटरी उतरलेली असते. ती सीआर२०३२, ३ व्होल्टची. बॅटरी गेली की सेटिंग मूळपदावर येतं, टीपीएम (डिस्कची किल्ली सांभाळणारी चिप) किंवा सिक्युअर बूट (फक्त विश्वासू प्रणाली सुरू होऊ देणारी सोय) बंद पडतं आणि विंडोजला मशीन परकं वाटतं. घड्याळातली तारीख मागे गेलेली दिसली, तर संशय इथेच घ्या. बॅटरी बदला, बायोसमध्ये दोन्ही पूर्वीसारखं करा, रीस्टार्ट करा. पुष्कळदा की न घालताच काम होतं. एएमडी मशीनवर प्रोसेसर बदलल्यावर काळ्या स्क्रीनवर 'एफटीपीएम रीसेट करू का, वाय की एन' असं विचारतात (एफटीपीएम म्हणजे प्रोसेसरमधलाच टीपीएम). हातात की नसेल तर वाय दाबू नका. एन दाबा, जुना प्रोसेसर परत लावा आणि आधी की शोधा.

बायोस अपडेट करायचा असेल तर आधी 'मॅनेज-बीडीई -प्रोटेक्टर्स -डिसेबल सी:' (manage-bde -protectors -disable C:) ही कमांड देऊन संरक्षण थांबवा. यात डिस्कवरचं एन्क्रिप्शन निघत नाही, आणि एका रीस्टार्टनंतर संरक्षण आपोआप परत चालू होतं.

जुन्या हार्डडिस्कवर एन्क्रिप्शन सुरू करण्याआधी क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्क तपासणाऱ्या प्रोग्राममध्ये तिची तब्येत बघा. 'कॉशन' (सावधान) असेल तर डेटा उतरवून घ्या आणि डिस्क बदला, कारण एन्क्रिप्शन जवळजवळ प्रत्येक सेक्टर वाचून पुन्हा लिहितं आणि मरणासन्न डिस्क त्यातच मान टाकते. १ टीबीच्या हार्डडिस्कला हे काम रात्रभर पुरतं. मधेच लाइट गेली तर घाबरू नका, बिटलॉकर जिथे थांबला तिथून पुढे चालू करतो. तरी यूपीएस नसेल तर उन्हाळ्यात भर दुपारी हा उद्योग करू नका.