क्लासचं अ‍ॅप बनवायला बसण्याआधी

ज्यांचा पखवाजाचा, पेटीचा, योगाचा किंवा भरतनाट्यमचा क्लास आहे आणि बॅचची नोंदणी, हजेरी, फी आता फोनवर आणायची आहे, त्यांच्यासाठी ही तयारी. कोड न लिहिता अ‍ॅप बनवणं आता मालवण-देवगडात घरी बसूनही जमतं. लव्हेबल किंवा बोल्ट या एआय साधनांना काय हवं ते सांगितलं की ती अ‍ॅप रचून देतात. ग्लाइड आणि गूगलचं अ‍ॅपशीट तुमच्या गूगल शीटसारख्या तक्त्यावरच अ‍ॅप उभं करतात. पण यातलं काहीही उघडण्याआधी वही-पेन घेऊन बसा. जो नियम तुम्ही सांगत नाही, तो एआय स्वतःच्या मनाने ठरवतं, आणि काय ठरवलं ते आपल्याला कळतही नाही.

सुरुवात हजेरीच्या वहीपासून करा. गेल्या वर्षाची पानं काढा आणि समासात काय काय लिहिलंय ते वाचा. एका नावापुढे आठवडाभर रिकामं आणि बाजूला ‘लावणी’, म्हणजे भाताची. दोन भावंडांच्या नावांना मिळून एक कंस आणि एकच फी. कुणापुढे ‘मुंबईकर, फक्त मे’, कुणापुढे ‘बाकी गणपतीनंतर’. क्लास खरा चालतो तो या खुणांवर, आणि कुठल्याही तयार नमुन्यात त्या नसतात. प्रत्येक खुणेचं एकेक वाक्य करा: भावंडांना फी किती, मे महिन्यापुरती बॅच वेगळी की त्याच बॅचमध्ये जागा द्यायची, बाकी किती दिवस चालेल.

मग जागांचे नियम. खोलीत सहा पखवाज असतील तर बॅच सहाची. सातवा आला तर? कुणी आदल्या रात्री ‘येत नाही’ कळवलं तर त्याची जागा दुसऱ्याला द्यायची का, आणि त्याला बदली वर्ग मिळेल का? रेड अलर्टमुळे शाळांना सुट्टी जाहीर झाली तर क्लासही बंद का, आणि बंद राहिलेला वर्ग भरून द्यायचा की फीतच धरायचा? ही उत्तरं पालकांशी बोलूनच ठरवावीत. ठरली की एआयला मराठीतच सांगा: ‘एका बॅचला ६ जागा. सातवा प्रतीक्षा यादीत. जागा सुटली की यादीतल्या पहिल्याला कळव. रात्री ९ पर्यंत त्याने होकार दिला नाही तर पुढच्याला.’ त्याखाली आणखी एक ओळ हवीच: जागा शिल्लक आहे की नाही याची तपासणी डेटाबेसमध्ये, म्हणजे सगळी माहिती साठते तिथे, नोंदणी होतानाच व्हावी. नुसती स्क्रीनवर झाली तर दोघांनी एकदम बटण दाबल्यावर शेवटची जागा दोघांनाही मिळते.

वेळेबद्दलही स्पष्ट लिहा. सर्व्हर बहुधा यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ धरतो आणि आपण तिच्या साडेपाच तास पुढे आहोत. म्हणजे पहाटे ५ चा योगवर्ग तिथे आदल्या दिवशी रात्री ११.३० चा होतो आणि हजेरी चुकीच्या तारखेला पडते. ‘सगळ्या तारखा-वेळा भारतीय वेळेप्रमाणे दाखव आणि मोज’ एवढं वाक्य पुरतं.

फीचं नीट समजून घ्या. भिंतीवर लावलेल्या यूपीआय क्यूआरवर पैसे आले तरी अ‍ॅपला ते आपोआप कळत नाहीत. त्यासाठी पेमेंट गेटवे, म्हणजे ऑनलाइन पैसे स्वीकारून देणारी सेवा लागते, म्हणजे केवायसी आली आणि त्यांचे दरही आले. तीसचाळीस विद्यार्थ्यांच्या क्लासला माझ्या मते ते नकोच. पालकाने ‘पैसे पाठवले’ नोंदवावं, तुम्ही बँकेचा मेसेज बघून ‘मिळाले’ दाबावं. लॉगिनसाठी एसएमएस ओटीपीच्या मागे लागू नका. त्याला खर्च आहे आणि आपल्याकडे डीएलटी नोंदणीची, म्हणजे असे मेसेज पाठवणाऱ्याने आधी दूरसंचार कंपन्यांकडे नोंदणी करण्याची अटही आहे. अँड्रॉइड फोनवर गूगल खातं बहुतेकांचं असतंच, ते वापरा.

मुलांच्या माहितीबाबत मात्र कडक राहा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचा प्रत्येकजण बालक आहे आणि त्याची माहिती घ्यायला पालकांची संमती लागते. नाव, बॅच, पालकांचा फोन एवढ्यावर भागतं. आधार, फोटो, घरचा पत्ता मागूच नका. सुपाबेससारखा डेटाबेस असेल तर प्रत्येक तक्त्याला ‘रो लेव्हल सिक्युरिटी’ (कुणाला कुठली ओळ दिसावी याची मर्यादा) चालू आहे का ते स्वतः बघा, आणि नियमही योग्य आहेत का ते दोन वेगळ्या पालकांच्या खात्यांनी शिरून तपासा. एकाला दुसऱ्याच्या मुलाची फी दिसली तर अ‍ॅप कुणालाही देऊ नका.

रंग, लोगो यांना एक संध्याकाळ पुष्कळ झाली. प्ले स्टोअरचीही घाई नको: नवीन वैयक्तिक खात्याला आधी १२ जणांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घ्यावी लागते. वेब अ‍ॅपची लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून ‘होम स्क्रीनवर जोडा’ सांगितलं की काम होतं.

चाचणी घरच्या वायफायवर करून थांबू नका. पावसाळ्यात लाइट गेली की टॉवरही मंदावतो, तेव्हा जिथे एकच दांडी रेंज येते अशा वाडीत फोन नेऊन नोंदणी करून बघा. बटण दोनदा दाबलं तर नोंद दोनदा होते का? दोन फोनांवरून शेवटची जागा एकदम मागून बघा. मोठा बदल सांगण्याआधी चालू आवृत्ती जपून ठेवा, आणि दर आठवड्याला सगळी माहिती शीटमध्ये उतरवून घ्या. गणपतीच्या तोंडावर सुरू करू नका. पहिला महिना वहीही सोबत चालवा आणि रविवारी दोन्ही ताडून बघा.

आणि सगळी खाती क्लास चालवणाऱ्याच्याच ईमेलवर उघडा. अ‍ॅप बनवून देणारा भाचा किंवा शेजारचा मुलगा उद्या नोकरीला मुंबईला जाईल. पासवर्ड आणि रिकव्हरीचा फोन नंबर पहिल्या दिवसापासून तुमचाच असला पाहिजे.