कासचे फोटो उजळताना ब्राइटनेसच्या या चुका टाळा

ऑगस्ट सरता सरता कासवर फुलं आली की साताऱ्यातल्या सगळ्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटोंचा नुसता पाऊस सुरू होतो. पठारावर ढग उतरलेले असतात, उजेड सपाट असतो. त्यामुळे घरी येऊन फोटो कॉम्प्युटरवर उघडले की ते मळकट आणि दबलेले वाटतात. मग ब्राइटनेसची पट्टी माउसने धरून उजवीकडे ओढली जाते आणि गेंदाच्या पांढऱ्या फुलांचे चुन्याचे ठिपके होऊन बसतात. फुलाचा पोतच गेला तर एवढा घाट चढून जाण्याला काय अर्थ राहिला? फोटो थोडाच उजळायचा असेल तर तो कीबोर्डने, एकेक पायरीने उजळावा. त्यात ज्या चुका हमखास होतात, त्या इथे सांगतो.

फोटो उजळला की स्क्रीन?

लॅपटॉपवर एफएन दाबून सूर्याच्या चित्राचं बटण दाबलं की फोटो छान दिसायला लागतो. पण वाढतो तो फक्त स्क्रीनमागचा दिवा. फाइल होती तशीच राहते आणि समोरच्याच्या मोबाइलवर अंधारीच दिसते. उलटही होतं, आणि ते आपल्याकडे जास्त. पावसाळ्यात लाइट गेली की लॅपटॉप बॅटरीवर येतो आणि बऱ्याच लॅपटॉपचा स्क्रीन आपोआप मंद होतो. ते लक्षात न घेता फोटो उजळत बसलात, तर लाइट आल्यावर तोच फोटो भडक, पांढुरका दिसणार. म्हणून फोटोला हात लावण्याआधी स्क्रीनचा उजेड एका जागी ठेवा आणि विंडोजचा नाइट लाइट बंद करा. विंडोज आणि ए दाबलं की दोन्ही एकाच ठिकाणी सापडतात. नाइट लाइटच्या पिवळसर झाकेत तेरड्याचा गुलाबी रंग जोखता येत नाही.

पट्टी माउसने ओढणं

इरफानव्ह्यू या फोटो बघायच्या प्रोग्रॅममध्ये शिफ्ट आणि जी दाबलं की रंग सुधारण्याची खिडकी उघडते. तिथे ब्राइटनेस -255 पासून 255 पर्यंत जातो. एवढी मोठी मजल बोटभर पट्टीत बसवलेली असते, त्यामुळे माउस जरा हलला तरी पाच-दहा आकडे उडी पडते. टॅब दाबत पट्टीवर या आणि डाव्या-उजव्या बाणाने सरका. विंडोजच्या नेहमीच्या पट्टीवर बाण लहान पायरी घेतो, पेज अप आणि पेज डाउन मोठी. बाण दाबून धरू नका, टिचक्या मारा. दाबून धरला की आकडे धावत सुटतात आणि कुठे थांबायचं ते डोळ्यांना ठरवता येत नाही. शेजारच्या चौकटीत थेट आकडा टाकला तरी चालतं.

फोटो अचानक पूर्ण काळा झाला तर बहुतेक वेळा होम दाबलं गेलेलं असतं. होम म्हणजे शून्य नाही, पट्टीचं सगळ्यात डावं टोक. घाबरू नका, चौकटीत 0 टाका.

फोटोशॉपमध्ये उजेड सुधारण्याच्या दोन खिडक्या आहेत: लेव्हल्ससाठी कंट्रोल-एल, कर्व्ह्जसाठी कंट्रोल-एम. आकड्याच्या चौकटीत वर-खाली बाणाने एकाची पायरी, सोबत शिफ्ट धरलं की दहाची.

ब्राइटनेस वाढवला, गॅमा विसरला

माझ्या मते सगळ्यात जास्त फोटो इथे बिघडतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो. साध्या जेपीजी फोटोत प्रत्येक ठिपक्याचा लाल, हिरवा, निळा असा तीन रंगांचा उजेड 0 ते 255 या आकड्यांत मांडलेला असतो. साधा ब्राइटनेस सगळ्यांत सरसकट तेवढीच भर घालतो. गेंदाच्या फुलात एक ठिपका 220 चा आणि त्याला लागून दुसरा 230 चा आहे असं धरा. या दहाच्या फरकामुळेच फूल गोलसर, भरीव दिसतं. आता 40 वाढवले तर बेरीज होते 260 आणि 270. पण 255 च्या वर जागाच नाही, म्हणून दोन्ही 255 वर आपटतात आणि फरक पुसला जातो. तसं सेव्ह करून नंतर 40 कमी केले तरी दोन्ही 215 होतील. गेलेला पोत परत येत नाही.

इरफानव्ह्यूच्या त्याच खिडकीतल्या गॅमाचं गणित वेगळं आहे. तो 0 आणि 255 ही दोन्ही टोकं जागेवर ठेवतो आणि मधला भाग उचलतो. गॅमा 1.3 केला तर गवतातल्या सावलीचा 60 चा ठिपका सुमारे 84 वर येतो, पण 220 चा 228 पर्यंत आणि 230 चा साधारण 235 पर्यंतच चढतो. सावली उघडली आणि फूलही शाबूत राहिलं. धुक्यातल्या फोटोला आधी गॅमा वाढवा, पांढऱ्या भागावर नजर ठेवा आणि अगदीच गरज वाटली तर ब्राइटनेस दोन-चार पायऱ्या.

शॉर्टकट चालतच नाही

आपल्याकडे याचं कारण बहुधा एकच असतं: आधी मराठीत काहीतरी टाइप केलेलं असतं आणि कीबोर्ड अजून मराठीवरच असतो. इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डमध्ये जीच्या बटणावर उकार आहे. जो प्रोग्रॅम दाबलेलं अक्षर बघतो, त्याला जी मिळतच नाही. काही प्रोग्रॅम बटणाची जागा बघतात, म्हणून एकीकडे शॉर्टकट चालतो आणि दुसरीकडे नाही. विंडोज आणि स्पेस दाबून इंग्रजीवर या आणि मग पुन्हा करून बघा.

एमपीव्ही या व्हिडिओ प्लेअरमध्ये फोटो बघणाऱ्यांना ब्राइटनेससाठी 3 आणि 4, गॅमासाठी 5 आणि 6 ही बटणं आहेत. पायरी एकाएकाची असते, म्हणून बारीक कामाला उत्तम. फोटो सेकंदभरातच निघून जात असेल तर लगेच स्पेस दाबून थांबवा. मात्र हा बदल फक्त दाखवण्यापुरता असतो, फाइलला धक्का लागत नाही. शिवाय पुढचा फोटो उघडला तरी वाढवलेला ब्राइटनेस तसाच राहतो. "सगळेच फोटो भगभगीत का दिसतायत?" असं वाटलं तर आधी तो शून्यावर आणा.

मूळ फाइलवरच सेव्ह

इरफानव्ह्यूमध्ये नुसतं एस म्हणजे नव्या नावाने सेव्ह, तर कंट्रोल-एस म्हणजे मूळ फाइलवरच. बोटांना सवय दुसऱ्याची असते आणि घात तिथेच होतो. जेपीजी दर सेव्हला थोडी थोडी खराब होते, म्हणून कॅमेऱ्यातली मूळ प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि कॉपीवर काम करा. सेव्ह करण्याआधी बिनसलं तर कंट्रोल-झेड आहेच, किंवा शिफ्ट-आर दाबून फाइल पुन्हा उघडा. आणि सेव्ह न करता बाणाने पुढच्या फोटोवर जाऊ नका. सेटिंग तसं असेल तर प्रोग्रॅम विचारतही नाही, केलेला बदल तिथेच जातो.