जुन्या पत्त्यावर गेलेला सीसीजे: इंग्लंडमध्ये नव्याने आलेल्यांसाठी

इंग्लंडमधली पहिली काही वर्षं आपण घरंच बदलत असतो. आधी कंपनीने दिलेली तात्पुरती जागा, मग हाउन्स्लो किंवा स्लाउला कुणाबरोबर तरी शेअरिंग, बायको-मुलं आली की शाळा बघून रेडिंग नाहीतर मिल्टन कीन्स. सामान हलतं, पण पत्ता निम्म्या ठिकाणी जुनाच राहतो. मग मॉर्गेजचा अर्ज करायची वेळ येते आणि ब्रोकर विचारतो, "तुमच्या नावावर सीसीजे आहे, माहीत होतं का?"

सीसीजे म्हणजे काउंटी कोर्ट जजमेंट. जुन्या पत्त्याचा सीसीजे म्हणजे आपल्या कोर्टाच्या भाषेत एकतर्फी हुकूमनामा. कुणीतरी पैशाचा दावा लावला, कागद जुन्या घरी गेले, तुमचं उत्तर आलं नाही, निकाल लागला. त्यात पुरावा तपासला जात नाही. आपल्याकडे बेलिफ समन्स घेऊन दारात येतो आणि सही घेतो, म्हणून आपल्या लोकांचा पहिला प्रश्न असतो की माझ्या हातात काही न देता दावा चाललाच कसा? इथे दावा साध्या पोस्टाने येतो, सहीबिही काही नाही. ऑनलाइन दाखल केलेला दावा पाचव्या दिवशी तुम्हाला पोचला असं धरतात आणि तिथून उत्तराला १४ दिवस मिळतात. दाव्याची पोच कळवलीत तर २८.

आधी भीती काढून टाका. ही दिवाणी बाब आहे. पोलीस येत नाहीत, गुन्हा नोंदला जात नाही. हे सगळं इंग्लंड आणि वेल्सपुरतं आहे, स्कॉटलंडची पद्धत वेगळी. नुकसान होतं ते क्रेडिट रिपोर्टचं, कारण नोंद ६ वर्षं राहते. तेवढ्या काळात घरकर्ज महाग पडतं किंवा मिळतच नाही, आणि बँकेतल्या नोकरीच्या तपासणीतही ती निघू शकते.

हे दावे बहुतेक किरकोळ गोष्टींतून उगवतात: घर सोडताना राहिलेलं विजेचं शेवटचं बिल, मुदतीआधी बंद केलेला फोन, जिम. पण आपल्या मंडळींत मला सगळ्यात जास्त दिसतं ते खासगी कार पार्कचं. सुपरमार्केटच्या आवारात गाडी वेळेपेक्षा जास्त उभी राहिली की पार्किंग कंपनी नंबर प्लेटवरून डीव्हीएलएकडून (गाड्या आणि लायसन्सची नोंद ठेवणारं सरकारी खातं, आपल्या आरटीओसारखं) गाडीच्या नोंदणीवरचा पत्ता घेते. लायसन्सवरचा पत्ता आणि गाडीच्या लॉगबुकवरचा (म्हणजे नोंदणीच्या कागदावरचा, आपल्या आरसीसारखा) पत्ता या दोन वेगळ्या नोंदी आहेत. लायसन्स सगळे बदलतात, कारण ते पाकिटात असतं. लॉगबुक मात्र फाइलमध्ये पडून राहतं.

निकाल कळला की दावा लावणाऱ्या कंपनीला फोन करून भांडत बसू नका. आधी कोर्टाला फोन करा. कोर्टांच्या अशा निकालांची नोंद ठेवणाऱ्या रजिस्ट्री ट्रस्टच्या नोंदवहीत थोडे पौंड भरून कोर्टाचं नाव आणि केस नंबर मिळतो. क्रेडिट एजन्सीचा कायदेशीर रिपोर्ट तर फुकट असतो. कोर्ट बहुधा नॉर्थहॅम्प्टनचं सिव्हिल नॅशनल बिझनेस सेंटर निघेल. निकालाची तारीख, वादीचं (दावा लावणाऱ्याचं) नाव आणि कागद कोणत्या पत्त्यावर धाडले ते विचारा. दाव्याची प्रत मागा.

तारीख सगळ्यात आधी, कारण निकालापासून एका महिन्याच्या आत सगळी रक्कम भरली तर नोंद पूर्ण पुसली जाते. पैसे खरोखर देणं असतील आणि महिना उलटला नसेल, तर भरून मोकळे व्हा. तत्त्वासाठी लढायला मलाही आवडतं, पण दोनशे पौंडांच्या पार्किंगसाठी तीनशे पौंडांच्या आसपास कोर्ट फी भरायची का, हे आधी ठरवा. महिन्यानंतर पैसे भरले तर नोंद जात नाही, तिच्यापुढे फक्त फेडल्याचा शेरा येतो.

महिना उलटून गेला असेल किंवा देणंच मान्य नसेल, तर निकाल रद्द करून घेण्याचा अर्ज करायचा. त्याचा फॉर्म एन २४४. उत्पन्न कमी असेल तर ईएक्स १६० भरून फीमध्ये सवलत मागता येते.

बहुतेकांची गल्लत होते ती अर्जात. "मला पत्र मिळालं नाही" एवढ्यावर काम होत नाही. नियम असा आहे की वादीने तुमच्या शेवटच्या माहीत असलेल्या पत्त्यावर कागद पाठवले तर ती बजावणी (कागद रीतसर पोचवणं) चालते, तुम्ही तिथे राहत असा वा नसा. पण तुम्ही तिथून गेलात असं समजायला त्याच्याकडे कारण असेल, तर नवा पत्ता शोधायचा वाजवी प्रयत्न त्याने करायलाच हवा. म्हणजे तुम्ही कुठे राहत होता यापेक्षा, तुम्ही गेल्याचं वादीला केव्हा आणि कसं कळलं, किंवा कळायला हवं होतं, हे महत्त्वाचं. नवा पत्ता कळवलेली ईमेल, परत गेलेली पत्रं, नव्या पत्त्यावर त्याच कंपनीचं आलेलं बिल यांतलं एक जरी हाताशी असेल तरी बाजू भक्कम होते. भाडेकरार आणि काउन्सिल टॅक्सचं बिल तर जोडायचंच.

बजावणीच नियमाप्रमाणे झाली नव्हती असं ठरलं, तर न्यायाधीशाला निकाल रद्द करावाच लागतो. शिवाय दावा निघाल्यापासून चार महिन्यांत बजावणी व्हायला हवी असते. तेवढा काळ उलटला असेल तर दावाच उरला नाही असं म्हणायला जागा मिळते. दुसरी वाट न्यायाधीशाच्या मर्जीवर आहे: मूळ दाव्याला तुमच्याकडे खरं उत्तर आहे, किंवा निकाल रद्द करायला दुसरं सबळ कारण आहे, हे दाखवायचं. अर्जात दोन्ही मांडा. बरोबर तुमचं लेखी निवेदन, कैफियतीचा (दाव्याला द्यायच्या उत्तराचा) मसुदा आणि हव्या असलेल्या हुकुमाचा मसुदा जोडा. करारावरचं देणं असेल तर त्यासाठी दावा लावायला ६ वर्षांची मुदत असते, तीही तपासा.

अर्ज किती लवकर केला हे न्यायाधीश हटकून विचारतात. "दिवाळीला भारतात जाऊन येतो, मग बघतो" असं म्हणू नका. दरम्यान वसुली थांबवण्याची मागणीही त्याच अर्जात घाला. बेलिफची (इथे म्हणजे वसुलीला येणाऱ्या माणसाची) नोटीस आली तरी घाबरून दार उघडू नका. अशा देण्यासाठी पहिल्या भेटीत त्यांना घरात जबरदस्तीने शिरता येत नाही.

सुनावणी छोटी असते, पुष्कळदा फोनवर. न्यायाधीश सहसा सरळ बोलतात, तुम्हीही मुद्द्याचं बोला. सासू-सासऱ्यांच्या आजारपणाची हकीकत तिथे चालत नाही. निकाल रद्द झाला म्हणजे देणं संपलं असं नाही, दावा पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. पण आता तुमचं म्हणणं ऐकलं जाईल, आणि पुष्कळ कंपन्या याच टप्प्यावर तडजोडीला येतात.

काउन्सिलचा पार्किंग दंड किंवा मॅजिस्ट्रेट कोर्टाचा दंड असेल तर वरचं काहीही लागू नाही, त्यांचे फॉर्म वेगळे आणि स्वस्तातले आहेत. "तुमचा सीसीजे काढून देतो" म्हणत शेकडो पौंड घेणाऱ्यांपासून लांब राहा. सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस आणि नॅशनल डेटलाइन हाच सल्ला फुकट देतात.

अजून काही झालेलं नसेल तर घर सोडायच्या आठवड्यात रॉयल मेलचं रिडायरेक्शन घ्या. त्यात घरातल्या प्रत्येकाचं नाव घाला. बायकोने माहेरचं आडनाव ठेवलं असेल तर तेही. मीटरचे फोटो काढा. नव्या काउन्सिलच्या मतदार यादीत नाव नोंदवा. भारतीय पासपोर्टवरही, कॉमनवेल्थ नागरिक म्हणून, ते करता येतं, आणि क्रेडिट एजन्सीकडे नवा पत्ता आपोआप पोचतो. मग वीज, पाणी, फोन, बँक, गाडीचा विमा, डीव्हीएलएच्या दोन्ही नोंदी. जिथे जिथे खातं आहे तिथे पत्ता बदलल्याची ईमेल पाठवा, फोनवर सांगून थांबू नका. आणि त्या सगळ्या ईमेल एका फोल्डरमध्ये निदान ६ वर्षं राहू द्या.