सायकलची न थांबणारी कुरकुर कशी शोधावी

सायकल कुरकुरू लागली की बहुतेक जण तेलाची बाटली घेऊन दिसेल त्या सांध्यावर तेल सोडतात. त्याने आवाज काही दिवस दबतो खरा, परंतु तेलाला धूळ चिकटते, कुरकुर परत येते आणि दोष कोठे होता हे अखेरपर्यंत कळत नाही. तेच तेल रिमवर किंवा ब्रेकच्या डिस्कवर उडाले, तर ब्रेकही नीट लागत नाही.

या शोधात कानावर फार विसंबू नये. फ्रेमच्या पोकळ नळ्यांतून आवाज सहज दूरवर जातो, त्यामुळे सीटपोस्टमधील (सीटखालच्या दांड्यातील) कुरकुर थेट बॉटम ब्रॅकेटमधून (दोन्ही पायडलांच्या मध्ये, फ्रेममध्ये बसवलेल्या बेअरिंगमधून) आल्यासारखी वाटते आणि चांगला बॉटम ब्रॅकेट विनाकारण बदलला जातो. आवाज कोठून येतो यापेक्षा तो केव्हा येतो, हे अधिक भरवशाचे असते.

मोकळ्या, सपाट रस्त्यावर वेग घेऊन पायडल मारणे थांबवावे. आवाज चालूच राहिला, तर चाकाचे आरे, हब (चाकाचा मधला भाग) किंवा हँडल यांकडे पाहावे. तो थांबला, तर संशय पायडल, क्रँक (पायडल ज्याला जोडलेले असते तो दांडा), चेनरिंगचे (पुढच्या दातेरी चाकाचे) बोल्ट आणि बॉटम ब्रॅकेट यांच्यावर जातो. मात्र जोर लावताना सीटही हलते आणि मागच्या ॲक्सलवरही (चाकाच्या आसावरही) ताण येतो, म्हणून लगेच निष्कर्ष काढू नये. सीटवरून उठून, उभ्याने पायडल मारावे. आवाज गेला, तर दोष बहुधा सीटपोस्टमध्ये किंवा सीटखालच्या क्लॅम्पमध्ये असतो. आवाज दर फेरीला एकाच पायाच्या दाबाबरोबर येत असेल, तर प्रथम त्या बाजूचे पायडल तपासावे. दोन-तीन फेऱ्यांतून एकदाच टक् होत असेल, तर चेनची एखादी कडी अडकत असावी, कारण 44 दातांच्या चेनरिंगवर 110 कड्यांची चेन अडीच फेऱ्यांत एकदा पूर्ण फिरते. हँडलसाठी सायकल चालवण्याचीही गरज नाही: पुढचा ब्रेक दाबून धरावा आणि हँडल पुढे-मागे रेटून पाहावे.

दुरुस्ती सोप्या भागापासून सुरू करावी, आणि एका वेळी एकच भाग हाताळून नंतर फेरी मारावी. तीन भाग एकदम कसले, तर गुन्हेगार कोण हे कळणार नाही. पायडल बहुधा 15 मिमीच्या पान्याने निघते, परंतु डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, म्हणजे ते घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवल्यावर सुटते. (हे विसरून जोर लावल्याने ते अधिकच घट्ट बसते.) आटे पुसून, ग्रीस लावून पायडल पक्के बसवावे. सीटपोस्ट काढण्यापूर्वी उंचीची खूण करावी, नंतर तो व नळीची आतील बाजू पुसून ग्रीसचा पातळ थर द्यावा; सीटपोस्ट किंवा फ्रेम कार्बनची असल्यास ग्रीसऐवजी कार्बनसाठीची खास पेस्ट वापरावी. चेनरिंगचे बोल्ट आणि मागच्या चाकाचा क्विक रिलीज (चाक पक्के धरणारी, हाताने उघडता येणारी खिट्टी) यांची बारी यानंतर येते.

बॉटम ब्रॅकेट सर्वांत शेवटी. चेन उतरवून क्रँक हाताने आडवा हलवावा. तो डुगडुगला किंवा फिरताना खरखरला, तर बेअरिंग झिजले आहे असे समजावे. हे सर्व करूनही कुरकुर राहिली, तर फ्रेम आणि फोर्क (पुढचे चाक धरणारा दुभागलेला भाग) पुसून प्रत्येक जोड उजेडात पाहावा, आणि रंगावर केसासारखी रेघ दिसल्यास मेकॅनिककडून तपासणी होईपर्यंत ती सायकल मुळीच चालवू नये.