शेवटच्या महिन्यांत जांघेत आणि कंबरेखाली दुखतं तेव्हा

गरोदरपणात जांघेत दुखतंय म्हटलं की बहुतेकदा एकच उत्तर मिळतं: वजन वाढलंय, थोडेच दिवस राहिलेत, काढा कसेतरी. मला हे उत्तर मान्य नाही. दुसऱ्या खेपेला सातव्या महिन्यापासून मला हे दुखणं होतं, आणि पहिली लेक तेव्हा दोन वर्षांची, उठता-बसता कडेवर घे म्हणणारी. तरी शेवटपर्यंत मी हिंडती-फिरती राहिले, ती सोसण्याच्या जोरावर नाही. उठायचं कसं, वळायचं कसं, जिना चढायचा कसा, हे एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी मला हाताला धरून शिकवलं म्हणून. तेच सगळं इथे लिहिते आहे.

आधी दुखणं ओळखू या. पुढच्या बाजूला ओटीपोटाची दोन हाडं जिथे मधोमध भेटतात तिथे दुखतं, बोटाने दाबलं तरी कळ येते. किंवा मागे, कंबरेच्या खाली, एका बाजूला किंवा दोन्हीकडे दुखतं. कुणाला खुब्यात, कुणाला मांडीच्या आतल्या बाजूने खाली उतरतं. चालताना आत कटकट वाजल्यासारखंही होतं. ओळखायची खरी खूण अशी की एका पायावर भार आला किंवा पाय एकमेकांपासून दूर गेले की कळ उठते. उभ्याने कपड्यात पाय घालताना, जिना चढताना, गाडीत बसताना, अंथरुणावर कूस बदलताना. दोन्ही पायांवर शांत उभं राहिलं तर त्या मानाने बरं वाटतं.

असं का होतं ते कळलं की पुढचं सगळं सोपं जातं. ओटीपोटाची हाडं मिळून एक गोल कडं बनतं आणि त्यात तीन सांधे असतात, एक पुढे, दोन मागे. गरोदरपणात रिलॅक्सिन आणि इतर संप्रेरकांमुळे या सांध्यांना बांधून ठेवणारे अस्थिबंध सैल पडतात. पुढच्या सांध्यातलं अंतर एरवी ४ ते ५ मिलिमीटर असतं, ते या काळात आणखी २ ते ३ मिलिमीटरने वाढतं. एवढं सगळ्याच बायकांत होतं. ज्यांच्यात हे तीन सांधे सारखे हलत नाहीत, एक अडतो आणि दुसऱ्यावर ताण पडतो, त्यांना दुखतं. पाचातल्या एकीला तरी हा त्रास होतो. बाळाला यामुळे कसलाही अपाय होत नाही, हे पहिल्याच भेटीत ऐकलं तेव्हा माझा अर्धा जीव भांड्यात पडला होता.

यातून एकच नियम निघतो आणि तो दिवसभर पाळायचा: भार दोन्ही पायांवर सारखा, आणि हलताना दोन्ही गुडघे जोडीने. पुढे जे सांगते आहे ते बहुतेक याचंच रूप आहे.

सगळ्यांत वाईट असते ती रात्र, म्हणून तिथून सुरुवात करते. कुशीवर झोपा. २८ आठवड्यांनंतर बाळासाठीही कुशीवरच झोप लागलेली चांगली; मध्येच जाग आली आणि उताण्या सापडलात तर घाबरायचं कारण नाही, परत कुशीवर व्हा. दोन गुडघ्यांमध्ये उशी हवी, हे सगळे सांगतात. पण ती उशी घोट्यापर्यंत पोचली पाहिजे, हे फार कुणी सांगत नाही. गुडघा उशीवर आणि पाऊल खाली लोंबतंय, असं असलं तर मांडी आत वळते आणि खुब्यावर रात्रभर पीळ बसतो. एक लांब उशी नसेल तर दोन लहान उशा एकापुढे एक ठेवा. पोटाखाली एक पातळ उशी किंवा घडी घातलेली चादर सरकवा, आणि पाठीशी एखादा लोड, म्हणजे नकळत मागे कललात तरी आधार मिळतो.

आता कूस बदलणं. झोपेच्या गुंगीत अंग फिरवू नका. आधी नीट जाग्या व्हा, मग हला. दोन्ही गुडघे पोटाकडे थोडे दुमडून घ्या, उशी गुडघ्यांत धरलेलीच राहू द्या. श्वास सोडता सोडता ओटीपोट हलकंसं आत ओढा, लघवी रोखताना आवळतो ते स्नायू आवळा, गुडघे एकमेकांवर दाबा आणि मग खांदे, कंबर, गुडघे एकाच वेळी वळवा. खांदे आधी आणि पाय मागून, असं केलं की मधल्या मध्ये कळ येते. अंगातले कपडे सॅटिनसारखे गुळगुळीत असले तर वळताना अंग अडत नाही. एवढं करूनही दुखलं तर हात-गुडघ्यांवर येऊन, रांगत्या अवस्थेतून दुसऱ्या कुशीवर जा. दिसायला खटाटोप वाटतो, पण आठव्या महिन्यानंतर मी हेच करत होते आणि नवराही शिकला होता: माझी हालचाल जाणवली की तो न सांगता पाठीमागचा लोड काढून दुसऱ्या बाजूला लावायचा.

अंथरुणातून उठताना कुशीवरूनच उठायचं. दोन्ही पाय एकदम कडेवरून खाली सोडा, कोपर आणि दुसऱ्या हाताचा तळवा गादीवर टेकून अंग वर ढकला. क्षणभर बसा. मग दोन्ही पावलं जमिनीवर टेकवून, हातांनी जोर देऊन उभ्या राहा. पहिली चार पावलं अगदी छोटी टाका. लघवीची घाई असते तेव्हाच नेमकं हे विसरतं, म्हणून वाटेत मंद दिवा असू द्या.

दिवसा कपडे बसून घाला, चपलाबुटांसकट. जिन्यावर एकेक पायरी: चढताना कमी दुखणारा पाय आधी वर, मग दुसरा त्याच पायरीवर. उतरताना उलट, दुखरा पाय आधी खाली. कठडा धरायचाच. जिना दिवसातून कमीत कमी वेळा करावा लागेल अशी सोय करा. मी वरच्या खोलीतून लागणाऱ्या सगळ्या वस्तू सकाळीच खाली आणवून घ्यायचे. गाडीत आधी पाठमोऱ्या बसा, मग दोन्ही गुडघे जुळवून आत वळा, उतरताना तसंच उलट. मांडी घालून, पायावर पाय टाकून किंवा उकिडवं बसू नका. उभ्याने काम करताना एका पायावर रेलायची सवय आपल्या लक्षातही येत नाही. कुणाला तरी बघायला सांगा. एका हातात जड पिशवी नको, वजन दोन्ही हातांत वाटून घ्या. फरशी पुसणं, झाडू मारणं, जड वस्तू पायाने सरकवणं ही कामं निःसंकोच दुसऱ्याला द्या. त्यात पुढे झुकून कंबर पिळली जाते आणि तिथेच सांधा दुखावतो.

घरात लहान मूल असेल तर हे सर्वांत कठीण. कडेवर घेणं म्हणजे एका खुब्यावर सगळा भार, ते या काळात बंदच. पण मुलाला जवळ घेणं बंद करू नका. मी खुर्चीत बसायचे, शेजारी एक ठेंगणं स्टूल ठेवायचे आणि लेकीला त्यावर चढून मांडीवर यायला शिकवलं होतं. सुरुवातीला रडली. मग तिला स्वतः चढण्यातच गंमत वाटू लागली.

सगळं सोडून पडून राहायचं का? नाही. पडून राहिलं की स्नायू ढिले होतात, आणि गरोदरपणात पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका आधीच वाढलेला असतो, तो आणखी वाढतो. चाला, पण छोट्या पावलांनी आणि कमी अंतर. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायची: हे दुखणं उशिरा हिशोब मागतं. दुपारी बाजारात सहज फिरलात, तेव्हा काहीच वाटलं नाही, आणि रात्री पाऊल टाकवत नाही, असं होतं. म्हणून चालताना दुखलं का हे विचारण्यापेक्षा, रात्री किती दुखलं यावरून दुसऱ्या दिवशीचं अंतर ठरवा. काम तुकड्यांत करा आणि मध्ये बसा, दुखायच्या आधी बसा.

व्यायाम शक्यतो फिजिओथेरपिस्टकडून तपासून घेऊनच करा, कारण कोणाचा कुठला सांधा अडलाय ते हाताने बघावं लागतं. साधारणपणे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळून सोडणं, हात-गुडघ्यांवर येऊन श्वास सोडताना पोटाचा खालचा भाग आत घेणं आणि कुल्ल्यांचे स्नायू आवळणं, यांपासून सुरुवात होते. पोहायला जात असाल तर बेडकासारखे पाय फाकून पोहणं टाळा. कंबरेचा पट्टा काहींना फार उपयोगी पडतो. तो पोटावर नाही, पोटाच्या खाली, खुब्यांच्या पातळीवर बांधायचा, चालताना घालायचा आणि आडवं होताना काढायचा. श्वास अडेल इतका आवळू नका. फारच त्रास असेल तर कुबड्या वापरायला लाजू नका.

शेकाने मागचं दुखणं हलकं होतं. कोमट शेक, चटका बसेल असा नाही. पुढच्या हाडावर मला फडक्यात गुंडाळलेल्या बर्फाने जास्त आराम पडायचा, दहा मिनिटं पुरेत. गोळ्यांच्या बाबतीत मात्र कडक राहा. गरोदरपणात दुखण्यासाठी सहसा पॅरासिटामॉल देतात, तेही डॉक्टरांना विचारून, ठरलेल्या मात्रेत आणि लागेल तेवढेच दिवस. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या २० आठवड्यांनंतर स्वतःच्या मनाने कधीही घेऊ नका. त्यांनी बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकतं आणि शेवटच्या महिन्यांत बाळाच्या हृदयाजवळची एक रक्तवाहिनी वेळेआधी आकसू शकते. चोळायच्या बऱ्याच मलमांतही हीच औषधं असतात, तेव्हा तीही विचारूनच.

प्रत्येक दुखणं हाडांचं नसतं, हे फार महत्त्वाचं. अंगावरून रक्त किंवा पाणी जाणं, ३७ आठवड्यांच्या आधी ठरावीक अंतराने येणाऱ्या कळा, पोट सतत कडक होऊन दुखत राहणं, बाळाची हालचाल कमी होणं, ताप, जोराची डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा बरगड्यांखाली दुखणं, एकाच पोटरीला सूज आणि वेदना, यांतलं काहीही असलं तर रात्र उलटायची वाट बघू नका, लगेच दवाखाना गाठा. मांड्यांच्या मधली जागा बधिर झाली, लघवी होईना किंवा अडवता येईना, पायातलं बळ गेलं, तर तेही तातडीचं. पायावर अजिबात भार देता येत नसेल तर तेही तपासून घ्या. लघवीला जळजळ होत असेल तर त्याच दिवशी दाखवा.

डॉक्टरांशी बोलताना 'दुखतं' एवढंच म्हणून थांबू नका. काय करता येत नाही ते सांगा: 'कूस बदलता येत नाही, जिना चढता येत नाही, रात्री तीनदा उठते.' आणि फिजिओथेरपीसाठी पाठवता का, असं सरळ विचारा. मी असं विचारलं म्हणूनच माझी वाट मोकळी झाली. नुसतं सोसायला सांगणारे भेटले तर दुसऱ्यांदा विचारा.

बाळंतपणाची भीती मला सर्वांत जास्त होती. या दुखण्यामुळे सिझेरियनच करावं लागतं असं नाही, बहुतेकींची नैसर्गिक प्रसूती होते. पण तयारी आधी करा. पाठीवर टेकून बसा किंवा कुशीवर पडा, आणि न दुखता गुडघे एकमेकांपासून किती दूर जातात ते टेपने मोजून ठेवा. तो आकडा तुमच्या फाइलवर लिहून घ्या, सोबत येणाऱ्या माणसाला पाठ करायला लावा. पाठीत भुलीचं इंजेक्शन घेतलं असेल तर तुम्हाला दुखणं कळणार नाही आणि पाय नकळत जास्त फाकले जातील, तेव्हा हा आकडा दुसऱ्याने सांभाळायचा असतो. कुशीवर किंवा हात-गुडघ्यांवर येऊन बाळंत होता येईल का, हे आधीच विचारून ठेवा. टाके घालताना किंवा तपासताना पाय आधारावर ठेवायचे झाले तर दोन्ही पाय एकाच वेळी उचलायला आणि एकाच वेळी उतरवायला सांगा.

बाळ झाल्यावर बहुतेकींचं दुखणं काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ओसरतं, पण दुसऱ्याच दिवशी नाही. तोवर जोडीने गुडघे हलवणं चालूच ठेवा. बाळाचे लंगोट कंबरेच्या उंचीवर बदला, वाकून नको. पाजताना पाठीला टेका हवा आणि दोन्ही पावलं जमिनीवर. बाळालाही कडेवर न घेता छातीशी मधोमध धरा. दुखणं रेंगाळलं तर परत फिजिओथेरपिस्टकडे जा. आता उपचारांना पोटाचीही अडचण नसते. पुढच्या गरोदरपणात ते पुन्हा उद्भवू शकतं, म्हणून तेव्हा पहिली कळ जाणवली की त्याच आठवड्यात भेटीची वेळ घ्या.