नवा डॅक घेतलाय? पहिल्या आठवड्यात या चुका टाळा

जुलैमधल्या एका रात्री गोव्यातल्या फोंड्याला वीज गेली आणि माझ्या नव्या डॅकचा आवाज एकाएकी उजळला. डॅक म्हणजे लॅपटॉप किंवा फोनमधलं डिजिटल गाणं हेडफोनला वाजवता येईल अशा सिग्नलमध्ये बदलणारी छोटी डबी. डॅक घरी येऊन तिसराच दिवस होता. कानावर सेनहायझर एचडी ६०० हा हेडफोन, लॅपटॉपवर विलंबित ख्याल. तोवर तानपुरा गायिकेच्या मागे कुठेतरी पुसट होता. अंधार झाला आणि त्याच्या जवारीचा एकेक पदर सुटा ऐकू येऊ लागला. अर्ध्या तासाने वीज आली आणि तानपुरा पुन्हा मागे गेला.

डॅक तोच होता. बदललं होतं ते इतकंच की डोक्यावरचा पंखा थांबला होता आणि लॅपटॉप चार्जरऐवजी बॅटरीवर आला होता. एचडी ६०० मागून उघडा, म्हणजे ओपन-बॅक. खोलीतला पंखा आणि कौलांवरचा पाऊस दोन्ही थेट कानात येतात. शिवाय चार्जरमधून येणारी गुणगुण खालच्या स्वरांवर बसते आणि तानपुऱ्याचा खर्ज झाकते. या दोन गोष्टींपायी मी दोन दिवस डॅकलाच मळकट ठरवत होतो.

तेव्हापासून माझं ठाम मत आहे: पहिल्या काही दिवसांत आपण डॅकविषयी जे बोलतो, त्यातलं बरंचसं डॅकविषयी नसतंच. बऱ्यापैकी बनवलेल्या दोन डॅकमधला फरक फार बारीक असतो. आवाजाची पातळी, जोडणी, खोली आणि कानावरची बैठक यांचे फरक त्याच्या कितीतरी पट मोठे.

गुणगुणीची तपासणी दोन मिनिटांची आहे. गाणं थांबवा, व्हॉल्यूम नेहमीच्या पातळीवर ठेवा आणि चार्जरची पिन काढा. आवाज गेला तर दोष चार्जरचा किंवा अर्थिंगच्या वाटेतला. लॅपटॉप बॅटरीवर ठेवून ऐका किंवा डॅक फोनला लावून पाहा. घरातल्या थ्री-पिन सॉकेटला खरोखर अर्थिंग आहे का, हे वायरमनकडून बघून घ्या. जुन्या घरांत पुष्कळदा नुसतं तिसरं भोक असतं. गुणगुण घालवण्यासाठी अर्थची पिन तोडायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. त्यात जिवाला धोका आहे.

जे मोठं वाजतं तेच चांगलं वाटतं

सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. मडगावहून आलेला माझा भाचा डॅकच्या ४.४ मिमीच्या बॅलन्स्ड जॅकवर (यात दोन्ही कानांच्या उणे तारा वेगळ्या असतात) हेडफोन लावून म्हणाला, “मामा, हे ऐका. साध्या ३.५ मिमीच्या जॅकवर गाणं डोक्यात होतं, इथे ते खोलीभर पसरतंय.” मी ऐकलं. खरंच तसं वाटत होतं.

पण बऱ्याच डॅकमध्ये त्याच व्हॉल्यूमवर बॅलन्स्ड जॅक दुप्पट व्होल्टेज देतो. दुप्पट व्होल्टेज म्हणजे ६ डेसिबल जास्त. आवाज वाढला की कानाला खालचे आणि अगदी वरचे स्वर तुलनेने अधिक भरदार लागतात; फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच हे दाखवून दिलं. गंमत म्हणजे फरक अर्ध्या डेसिबलचा असला तर तो ‘मोठा’ असा कळतही नाही. तो ‘स्वच्छ’, ‘मोकळा’, ‘जिवंत’ असा कळतो.

आम्ही मल्टिमीटर काढला. १०० हर्ट्झचा एकसुरी टोन लावला, हेडफोन कानावरून उतरवले आणि एकाच बाजूच्या दोन टोकांमधला एसी व्होल्टेज मोजला. एका जॅकवर ०.३० व्होल्ट, दुसऱ्यावर ०.६० व्होल्ट. दुसरा खाली आणून एक टक्क्याच्या आत जुळवला. एक टक्का म्हणजे ०.१ डेसिबलहूनही कमी. मग भाच्याने डोळे मिटले आणि मी अदलाबदल करत गेलो. दहा वेळांत त्याचं उत्तर पाचदा बरोबर आलं, म्हणजे नाणेफेकीइतकंच. खोलीभर पसरणारं गाणं त्या ६ डेसिबलचं होतं.

याच जॅकची दुसरी चूक महागात पडते. ४.४ मिमीमधून साध्या ३.५ मिमीच्या हेडफोनला जोडणारं स्वस्त कन्व्हर्टर लावू नका. त्यात दोन्ही बाजूंच्या उणे तारा एकत्र येतात आणि डॅकचा अ‍ॅम्प्लिफायर शॉर्ट होऊ शकतो.

एका हेडफोनवर निकाल देऊ नका

‘या डॅकमध्ये दम नाही’ हे वाक्य ऐकलं की माझा पहिला प्रश्न असतो, कशावर ऐकलंत? ३०० ओहमच्या (ओहम म्हणजे विद्युतरोधाचं माप) एचडी ६०० ला व्होल्टेज लागतं: १ व्होल्टला तो सुमारे ३.३ मिलीअँपिअर ओढतो. ३७ ओहमचा प्लेनर (सपाट पडद्याचा) हेडफोन त्याच १ व्होल्टला २७ मिलीअँपिअर मागतो, म्हणजे आठपट करंट. पहिल्याला नीट हाकणारा छोटा डोंगल, म्हणजे बोटाएवढा डॅक, दुसऱ्यापाशी, बेसचा मोठा ठोका आला की, दबू शकतो. यात डॅकच्या चिपचा काही संबंध नाही. कमी पडतो तो त्याच डबीतला अ‍ॅम्प्लिफायर.

आयईएमचं, म्हणजे कानात घालायच्या इअरफोनचं, उलटं आहे. ते इतके संवेदनशील असतात की डॅक हाय गेनवर (आवाज जास्त वाढवणाऱ्या सेटिंगवर) ठेवला तर शांत जागी सूं-सूं ऐकू येते. आधी लो गेन. शिवाय डॅकचा आउटपुट इम्पीडन्स (त्याच्या जॅकचा स्वतःचा विद्युतरोध) हेडफोनच्या ओहमच्या एक अष्टमांशाहून कमी हवा. १६ ओहमच्या आयईएमसाठी २ ओहम. तो जास्त असेल तर अनेक ड्रायव्हर (आवाज काढणारे छोटे घटक) असलेल्या आयईएमचा तोलच बदलतो: एकाला बेस फुगलेला वाटतो, दुसऱ्याला वरचे स्वर बोथट, आणि दोघंही एकाच डॅकविषयी बोलत असतात.

फोनचं थोडक्यात सांगतो. आवाजच येत नसेल तर केबल बदला. चार्जिंगपुरत्या काही केबलमध्ये डेटाच्या तारा नसतात. काही फोनमध्ये ओटीजी (फोनला बाहेरचं उपकरण जोडू देणारी सोय) हाताने चालू करावं लागतं. आवाज येतो पण फारच बारीक, तर डॅकचा स्वतःचा व्हॉल्यूम खाली अडकला असेल. यूएसबी डॅक थेट ताब्यात घेणारं प्लेअर अ‍ॅप वापरून पाहा. लॅपटॉपवर आवाज ‘सुधारणारे’ सगळे इफेक्ट बंद करा आणि मगच मत बनवा.

पावसाळ्याचा हिशेब धरा

आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा ओली, त्यात किनाऱ्याजवळ खारी. प्लगवर पातळ थर चढतो आणि खरखर सुरू होते किंवा एक कान जातो. प्लग जॅकमध्ये फिरवल्यावर आवाज परत आला तर डॅक बहुधा निर्दोष आहे असं समजा. प्लग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पूर्ण वाळू द्या. कृत्रिम चामड्याचे इअरपॅड दमटपणाने सोलवटतात, कडक होतात आणि कानाभोवती नीट बसत नाहीत. फट पडली की बेस गळतो. चष्म्याच्या काडीनेसुद्धा गळतो. मी हेडफोन सिलिका जेलच्या पुड्यांसह झाकणाच्या डब्यात ठेवतो.

काय ऐकून ठरवाल?

आमच्या तालुक्यातल्या केरीच्या ख्यालगायिका केसरबाई केरकरांचा आवाज १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात गेला. त्यांच्या जुन्या तबकड्या मी रोज ऐकतो, पण डॅक तपासायला कधीच लावत नाही. ७८ आरपीएमच्या त्या ध्वनिमुद्रणांत अगदी वरचे स्वर उतरलेलेच नाहीत, ते कुठलाही डॅक आणून देणार नाही. उलट ‘डॅक कर्कश आहे’ म्हणून ज्याला नावं ठेवली जातात, ती तबकडीचीच खरखर असते.

मी घुमट लावतो, म्हणजे मातीच्या मडक्यावर चामडं ताणलेलं गोव्याचं तालवाद्य. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आरतीत तो हातभरावरून ऐकलेला असतो, त्यामुळे खरा आवाज कानात पक्का असतो. चामड्यावर बोटांची थाप आधी, मग मातीच्या पोटातून येणारा गोल घुमारा, आणि मागच्या तोंडावर हात ठेवला की तो घुमारा वाकतो. नव्या डॅकवर, जुळवलेल्या पातळीवर, पंखा बंद करून मी ती थाप आणि घुमारा वेगवेगळे ऐकतो. मग हेडफोन बदलून तेच ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकतो, काय वाटलं ते वहीत लिहितो, आणि आठवड्याने, वही न बघता, आणखी एकदा ऐकतो.