नाशिकच्या कपाटात ऑक्सिजन सेल कसा जपावा

नाशिकच्या डायव्हरचा ऑक्सिजन सेल, म्हणजे श्वासाच्या वायूतला ऑक्सिजन मोजणारा छोटा सेन्सर, समुद्रात कमी आणि कपाटात जास्त म्हातारा होतो. मे संपला की मालवणच्या बोटी किनाऱ्याला लागतात आणि आपलं सामान पावसाळाभर घरात पडून राहतं. सेल मात्र पडून नसतो. आत शिशाचा ॲनोड आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं द्रावण असतं. टेफ्लॉनच्या पातळ पडद्यातून ऑक्सिजन आत शिरतो, शिसं झिजतं आणि त्यातूनच मिलिव्होल्ट मिळतात. याला बंद करायचं बटण नाही.

म्हणून पाण्याबाहेर आल्यावर रीब्रीदरच्या (सोडलेला श्वास शुद्ध करून पुन्हा वापरणारं डायव्हिंगचं यंत्र) लूपमधला, म्हणजे श्वास फिरतो त्या नळ्या-पिशव्यांमधला, उरलेला ऑक्सिजन आधी साध्या हवेने हुसकावून लावा. शुद्ध ऑक्सिजनमध्ये शिसं हवेपेक्षा जवळजवळ पाचपट वेगाने खर्च होतं. मग हेड (सेल बसवलेला यंत्राचा वरचा भाग) उघडून सेल सावलीत, पंख्याखाली वाळू द्या. पडद्याला बोट किंवा फडकं लावू नका, हेअर ड्रायर तर नकोच. कनेक्टरच्या पिना हिरवट दिसल्या तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा.

दुसरा शत्रू उष्णता. एप्रिलमध्ये सातपूरला उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत सेल ठेवणं म्हणजे पैसे जाळणं. घट्ट झाकणाच्या डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये कधीच नाही. वापरण्याआधी बाहेर काढून खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मगच कॅलिब्रेट करा, म्हणजे त्याचा आकडा माहीत असलेल्या वायूशी जुळवून घ्या.

सेल आर्गॉन या निष्क्रिय वायूत ठेवावा का, हे मला नेहमी विचारतात. अंबडला टिग वेल्डिंगवाल्यांकडे तो असतोच. पिशवीत आर्गॉन भरून सील केली की शिसं झिजायचं जवळपास थांबतं, हे खरं. पण व्हॅक्यूम करू नका, पडदा ताणला जातो. पिशवीतून काढलेल्या सेलला सावरायला मोकळ्या हवेत वेळ द्यावा लागतो. मी ही युक्ती फक्त नायट्रॉक्स ॲनालायझरच्या (टाकीतल्या जादा ऑक्सिजनच्या हवेचं प्रमाण मोजणारं उपकरण) सेलवर वापरतो. रीब्रीदरच्या सेलवर नाही, कारण शिसं वाचलं तरी द्रावण आणि सील जुने होतातच, आणि माणूस तारीख पुढे ढकलायला लागतो. कंपनीने छापलेली तारीख आली की सेल बदलायचा. जपायचं ते तारखेआधी मरू नये म्हणून.

वही ठेवा: तारीख, ठिकाण, तापमान, हवेतले मिलिव्होल्ट. ठिकाण लिहायचं कारण, नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंच आहे, हवेचा दाब कमी. मालवणला 10 मिलिव्होल्ट दाखवणारा सेल इथे 9.3च्या आसपास दाखवतो. तो बिघडलेला नसतो; घाबरून नवा मागवणारे मी पाहिलेत.

उलट, हवेतला आकडा चांगला म्हणून निर्धास्तही राहू नका. म्हातारा सेल हवेत बरोबर दाखवतो, पण ऑक्सिजनच्या जास्त दाबाला अडकतो, ऑक्सिजनचा दाब प्रत्यक्षात 1.6 बार असताना 1.2वरच थांबला तर यंत्र आणखी ऑक्सिजन सोडत राहतं, आणि जादा ऑक्सिजनने पाण्याखाली फिट आली की माणूस गेला. त्यामुळे दाबाच्या भांड्यात 1.6 बारपर्यंत तपासा. ते नसेल तर निदान शुद्ध ऑक्सिजन देऊन बघा: त्याच जागी हवेत 10 असेल तर 47–48 यायला हवेत.

रीब्रीदरमधले तिन्ही सेल एकाच बॅचचे घेऊ नका, एकदम जातात. सेलवर साबणासारखा बुळबुळीत ओलावा किंवा पांढरे कण दिसले तर तो गळतोय. हातमोजे घाला, हात भरपूर पाण्याने धुवा. आत शिसं आहे, तेव्हा घंटागाडीत न टाकता ई-कचरा घेणाऱ्याला द्या.